नटीचं ‘भेटकार्ड’?

व्हिक्टोरियन काळातल्या लंडनच्या रंगभूमीवरचा एक लेख मराठीत आणणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: त्यात नटींच्या ‘कार्त द व्हिजित’चा, म्हणजे पुठ्ठ्यावर डकवलेल्या छोट्या फोटोंचा, सारखा उल्लेख येतो, त्याला ‘भेटकार्ड’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. भेटकार्ड म्हटलं की आपल्याला दिवाळीचं नाहीतर वाढदिवसाचं कार्ड आठवतं. ‘व्हिजिटिंग कार्ड’ केलंत तर त्याहून पंचाईत, बाई दारोदार आपला पत्ता वाटत फिरतात असं वाटेल! मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ तोच आहे हे खरं, पण इथे तो निव्वळ मापापुरता. पॅरिसच्या दिस्देरी या फोटोग्राफरने १८५४ साली या प्रकाराचं पेटंट घेतलं. एकाच काचेच्या निगेटिव्हवर आठ फोटो निघू लागले आणि फोटो स्वस्त झाला. अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेल्या पातळ कागदावर तो छापायचा आणि साधारण अडीच बाय चार इंची पुठ्ठ्यावर डकवायचा, झालं ‘कार्त’. १८६०च्या दशकात लंडनमध्ये लोक अनोळखी माणसांचीसुद्धा अशी कार्डं दुकानातून विकत घेऊन अल्बममध्ये खोचत. राणी व्हिक्टोरियाच्या शेजारच्याच खाचेत ऑपेरा गायिका आडेलिना पात्ती!

मग मराठीत काय म्हणायचं? ‘छायाचित्र’ बरोबर आहे, पण त्याला सरकारी अर्जाचा वास येतो. ‘तसबीर’ मला फार आवडतो, पण तसबीर चौकटीत बसते, भिंतीवर टांगली जाते, तिला हारही पडतो. अल्बमच्या खाचेतून काढून मैत्रिणीच्या हातावर ठेवायची वस्तू म्हणजे छबी. माझं मत छबीला. पहिल्या उल्लेखात ‘कार्त द व्हिजित, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावरची छबी’ असं एकदा सांगून टाका, पुढे नुसतं ‘कार्ड’ किंवा ‘छबी’.

लेखात ‘कॅबिनेट कार्ड’ही येईलच. तिथे मंत्रिमंडळ आणू नका (हसू नका, मी वाचलंय). १८६६च्या सुमारास आलेलं हे मोठं माप, पुठ्ठा साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंच. ‘कॅबिनेट साइज’ हा शब्द आपल्याकडच्या जुन्या फोटोवाल्यांच्याही तोंडी होता, तेव्हा तो तसाच ठेवा. न्यूयॉर्कच्या सारोनी या फोटोग्राफरने तर नटनट्यांच्या कॅबिनेट फोटोंवरच नाव कमावलं. फ्रेंच नटी सारा बर्नार्टला नुसतं कॅमेऱ्यासमोर बसण्याचे त्याने १५०० डॉलर मोजले, असं सांगतात.

आणखी एक सांभाळा. अशा छबीखाली ‘नाटकातील दृश्य’ असं लिहू नका. तेव्हाच्या रंगमंचावरच्या उजेडात फोटो निघतच नसे. नट वेष चढवून स्टुडिओत जायचे, रंगवलेल्या पडद्यापुढे उभे राहायचे आणि काही सेकंद तसेच थिजायचे. उभ्या माणसाच्या बुटांमागे नीट पाहिलंत तर कधीकधी लोखंडी स्टँडचा पाया दिसतो. मान हलू नये म्हणून लावलेला टेकू तो. म्हणून ‘अमक्या भूमिकेच्या वेषात’ एवढंच लिहावं.

तुमच्या लेखातलं एखादं वाक्य मी असं करीन: ‘तिने अल्बममधून एलन टेरीची छबी अलगद काढली आणि उलटी करून मागचं स्टुडिओचं नाव वाचलं.’ इथे ‘भेटकार्ड’ घालून बघा बरं.