वर्तमानपत्रातल्या जुन्या कॉमिक स्ट्रिप्स खरंच चांगल्या होत्या, की लहानपणी वाचल्या म्हणून तसं वाटतं?

तुमची शंका रास्त आहे. लहानपणीचं सगळंच गोड लागतं. पण पेपर हातात आला की आधी स्ट्रिपचं पान उघडायचं, ही माझी चाळीसेक वर्षांची सवय आहे, आणि एवढ्या वाचनानंतर जुनी-नवी हा भेद माझ्या लेखी राहिलेला नाही. रेषेमागे माणूस दिसतो का आणि त्याला जागा किती मिळालीय, एवढंच मी बघतो.

'पीनट्स' घ्या. चार्ल्स शुल्त्झने ती २ ऑक्टोबर १९५० ला सुरू केली. तिच्या चार सारख्या चौकटी त्याची निवड नव्हती. संपादकाला जागा कमी लागावी, आडव्या, उभ्या किंवा दोनाखाली दोन अशा कशाही लावता याव्यात, म्हणून विक्रीच्या सोयीने ठरलेला तो साचा होता. त्याच साच्यात शुल्त्झने शांतता बसवली. तिसऱ्या चौकटीत तिचा नायक चार्ली ब्राउन नुसता उभा असतो, कोणी काही बोलत नाही, आणि मग चौथीतलं साधं वाक्य आत कुठेतरी लागतं. अशा १७,८९७ स्ट्रिप्स त्याने स्वतः काढल्या, अक्षरंही स्वतःच लिहिली. उतारवयात हात थरथरू लागला तशी रेषाही थरथरू लागली. साठच्या दशकातली धार तोवर बोथट झाली होती, हे मान्य. तरी ती शेवटची वर्षं मला फार जवळची वाटतात, कारण तिथे काढणाऱ्याचं वय कागदावर दिसतं. शेवटची स्ट्रिप १३ फेब्रुवारी २००० च्या रविवारी छापून आली. शुल्त्झ आदल्या रात्री गेला होता. नव्या स्ट्रिप्स दुसऱ्या कोणी काढायच्या नाहीत, ही त्याची इच्छा होती आणि ती पाळली गेली.

'गारफिल्ड'ही जुनीच, १९७८ ची. सुरुवातीचा जाडजूड, थोडा ओबडधोबड बोका मला आवडायचा. पुढे काम सहायकांच्या हाती गेलं, रेषा गुळगुळीत झाली आणि मी ती नुसती नजरेखालून घालू लागलो.

रेषेमागे एक हात हवा म्हणजे एकच माणूस हवा, असं मात्र नाही. आपली १९९१ मध्ये सुरू झालेली 'चिंटू' चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीची, पण मुलाकडे बघायची नजर एकच. आणि हात बदलला की सगळं संपतं, असंही नाही. अर्नी बुशमिलरच्या 'नॅन्सी' या लहान मुलीच्या स्ट्रिपचं काय होणार, याचं मला भय वाटत होतं. तो १९८२ मध्ये गेल्यावर ती अनेकांकडे फिरली. मग २०१८ मध्ये टोपणनावाने काम करणाऱ्या एका चित्रकर्तीने ती घेतली, नॅन्सीच्या हातात मोबाईल दिला, आणि बुशमिलरची नक्कल करण्याऐवजी त्याचा काटेकोरपणा उचलला. कित्येक जुन्या वाचकांना ते रुचलं नाही. मला वाटतं, 'नॅन्सी' इतकी जिवंत बऱ्याच वर्षांत झाली नव्हती.

जागेचं मात्र नुकसानच झालंय, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. विन्सर मॅकेच्या 'लिटल नेमो'ला १९०५ मध्ये वर्तमानपत्राचं अख्खं पान मिळायचं. नेमोच्या स्वप्नात पलंगाचे पाय लांब होत शहरावरून चालत जायचे, ते त्या पानामुळेच. पुढे स्ट्रिप्स आक्रसत गेल्या, इतक्या की मजकूर वाचता यावा म्हणून चित्रं फक्त बोलणाऱ्या डोक्यांची उरली. आजच्या अनेक स्ट्रिप्समध्ये मला हालचाल दिसत नाही, त्याचं मूळ इथे आहे. नव्या मुलांना चित्र काढता येत नाही, हा आरोप मला पटत नाही.

स्वतः तपासायचं असेल, तर बिल वॉटरसनच्या 'कॅल्विन अँड हॉब्ज'मधल्या रविवारच्या स्ट्रिप्स बघा. आधी त्यांची वरची ओळ कापायची मुभा वर्तमानपत्रांना होती. १९९२ मध्ये, दीर्घ रजेवरून परतल्यावर, त्याने अर्धं पान मिळवलं, तेही न कापण्याच्या अटीवर. दोन्ही काळांतल्या स्ट्रिप्स शेजारी ठेवा. आधीच्यांत वरची ओळ हाताने झाकली तरी गोष्ट पूर्ण कळते. नंतरच्यांत काय झाकावं, तेच सुचत नाही.