बांधाच्या हिशेबातली मजुरी

पोरी, अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या पेठ तालुक्यातल्या उताराच्या शेतांवर बांध आणि कलमं करायच्या खर्चाचा तू पाठवलेला तक्ता दोनदा वाचला. दगड, कलमं, शेणखत, सगळं आलंय. घरच्या माणसांची मजुरी मात्र शून्य धरलीस.

समजा, एका एकराला दगडी बांध घालायला घरातल्यांचे ४० दिवस गेले. रोहयोचा, म्हणजे रोजगार हमी योजनेचा, २०२५-२६ चा दर रोजी ३१२ रुपये, म्हणजे झाले १२,४८० रुपये. माती थांबून नागली (नाचणी) एकरी एक क्विंटलने वाढली, तर त्याच वर्षाच्या ४,८८६ रुपये हमीभावाने तिसऱ्या हंगामात वसूल. कागदावर झकास! पण ती नागली बाजारात जातेच कुठे? कणगीत जाते, भाकरीला लागते. आणि बांधाचं काम उन्हाळ्याचं. नेमकी तेव्हाच दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाची खरड छाटणी निघते. तिथे रोख मिळते. बांध सोडून माणूस जीपमध्ये बसतो तो अडाणी म्हणून नव्हे. त्याचा हिशेब तुझ्या-माझ्यापेक्षा पक्का असतो.

मला हे फार उशिरा कळलं. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर मी केशर आंब्याची कलमं लावून घेतली होती. खड्डे मापाचे, आळी नीटस. एप्रिलात गेलो तर निम्म्या घरांना कुलपं. पाणी घालायला कोणी नाही, कुंपण नाही, शेळ्यांना मात्र मेजवानी. अहवालात मी ‘लाभार्थी उदासीन’ असं लिहून मोकळा झालो. ते दोन शब्द अजून टोचतात. कलम फळाला यायला चार-पाच वर्षं. तोवर घर कशावर चालेल, हा रकाना माझ्याच तक्त्यात नव्हता.

म्हणून जे काम रोहयोच्या मस्टरवर, म्हणजे मजुरीच्या हजेरीपटावर, बसेल ते आधी तिथे बसव. राज्याने १९९० मध्ये फळबाग लागवड रोहयोला जोडली ती उगाच नाही. कलमांच्या ओळींमध्ये नागली, उडीद चालू राहू दे.

जमीन कोणाच्या नावावर, हेही आधी विचार. वनपट्टा, म्हणजे वनहक्कात मिळालेली जमीन, विकता येत नाही, पण वारसाला जातो. तो हातात असलेला माणूस दगड वाहतो. ज्याचा पट्ट्याचा दावा अडकलाय तो का वाहील?

मातीचा रकाना ठेवलास, ते बरं केलंस. एकरावरची एक मिलिमीटर माती म्हणजे चार घनमीटर, पाच टनांच्या आसपास. ओहोळ तिची पावती देत नाही, म्हणून ती फुकट गेल्यासारखी वाटते.

आता तक्ता पुन्हा कर. बारा महिन्यांचे बारा रकाने घे. घरातलं कोण कुठल्या महिन्यात कुठे असतं ते आधी भर, बांध नंतर. शिमग्याला सगळे गावी येतात, तेव्हाच बसून विचार. मीही तेव्हा येतोय. उतारावर समपातळीची रेघ आखायची ए-फ्रेम घेऊन येतो, कारण फोटोतली तुझ्या बांधाची वरची ओळ सरळ आहे, समतल नाही.