'स्टॉप' म्हणजे स्तंभ नव्हे, बोळा

इंग्रजी 'स्टॉप' आपल्या 'स्तंभ'वरून आला का, असं तुम्ही विचारलंय. उच्चार जुळतो म्हणून मोह होतो, मलाही एकेकाळी झाला होता. पण संस्कृत 'भ'च्या जागी इंग्रजीत ब, फ किंवा व सापडतो (भ्रातृ–ब्रदर, नाभी–नेव्हल), 'प' नाही. स्तंभाची सोयरीक जुळवायचीच तर अभ्यासक ती 'स्टाफ' म्हणजे काठीशी जुळवतात.

'स्टॉप'चं कूळ अगदी साधं आहे. जवसाचे धागे विंचरताना जो जाडाभरडा गुंता मागे उरतो त्याला लॅटिनमध्ये 'स्टुप्पा' म्हणत. शब्द मुळात ग्रीकांचा. हा गुंता फटीत कोंबायच्या कामाचा. आपला प्लंबर नळाच्या आट्यांवर सूत गुंडाळतो ना, त्याच जातीचं काम. त्यावरून बोली लॅटिनमध्ये 'बोळा घालून बुजवणे' या अर्थाचं क्रियापद झालं आणि तिथून ते जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या भाषांत शिरलं, असं बहुतेक कोशकार मानतात. हजारेक वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी वैद्यकग्रंथात कानाच्या उपचारात 'लोकरीने कान फॉरस्टॉप कर' असं सांगितलंय. म्हणजे चक्क कानात बोळा! जर्मन 'श्टॉपफेन' तर अजूनही कोंबणे आणि फाटका मोजा रफू करणे यासाठीच वापरतात.

'थांबणे' हा अर्थ आला पंधराव्या शतकात, इंग्रजीतच. भोक बुजलं की वाहणं बंद. आधी पाणी अडलं, मग माणसं नि गाड्या. बाटलीचा स्टॉपर आणि नळाचा स्टॉपकॉक मात्र जुन्याच अर्थाला धरून राहिले.

कायद्यातलं 'इस्टॉपेल'ही याच घरातलं, फ्रेंचमार्गे आलेलं. इंग्लिश कायदेपंडित एडवर्ड कोकने १६२८ मध्ये त्याचा खुलासा असा केला की माणसाचं स्वतःचंच कृत्य त्याचं तोंड बंद करतं. आधी एक कबूल करून कोर्टात उलटं बोलता येत नाही. तोंडात बोळाच की!

आणि 'स्तंभ' तुमच्या डोक्यात आला ते अगदीच वाया गेलं नाही. आपलं 'थांबणे' त्याच स्तंभ् धातूवरून आलंय. गंमत म्हणजे आपल्याकडे गाडीही थांबते आणि पाहुणेही दोन दिवस थांबतात. ब्रिटिश बोलीतला पाहुणाही नातेवाइकांकडे 'स्टॉप' करतो.