पडद्यावरचा आलेख फाइलमध्ये का उतरत नाही?

प्रश्न : शेतावरच्या पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदींचा आलेख मी ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या संगणक प्रणालीवर काढतो. ‘प्लॉट’ ही आज्ञा दिली की विंडोत आलेख व्यवस्थित दिसतो. पण त्यानंतर आलेख कोणत्या रूपात निघावा हे सांगणारी ‘सेट टर्मिनल पीएनजी’ आणि ‘सेट आउटपुट’ या आज्ञा दिल्या, तर फाइल तयार होते खरी, मात्र तिचा आकार शून्य बाइट असतो. एकदा कसाबसा आलेख साठवला गेला, तेव्हा ‘मिलिमीटर’मधल्या वेलांट्या भलत्याच अक्षरापुढे गेल्या होत्या. माझे काय चुकते?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या आज्ञा बरोबर आहेत, क्रम चुकला आहे. ‘सेट आउटपुट’ म्हणजे ‘सेव्ह’चे बटण, असा समज बहुतेकांचा होतो, प्रत्यक्षात ती आज्ञा पडद्यावरच्या आलेखाला हात लावत नाही, तर यापुढे जे रेखाटले जाईल ते कोणत्या फाइलीत जावे एवढेच ठरवते आणि त्यासाठी त्या नावाची रिकामी फाइल उघडून ठेवते. आपल्याला दिसणारे शून्य बाइट ते हेच. त्यानंतर ‘रीप्लॉट’ म्हटले की तोच आलेख नव्याने, पण या वेळी फाइलीत, रेखाटला जातो. एवढ्यावर थांबू नये. ‘अनसेट आउटपुट’ म्हणून फाइल बंद करावी, अन्यथा मजकुराचा काही भाग स्मृतीतच अडकून राहतो आणि चित्र अर्धवट उघडते किंवा उघडतच नाही. पुन्हा पडद्यावर यायचे असेल, तर ‘सेट टर्मिनल पॉप’ पुरते.

टर्मिनल आधी आणि आउटपुट नंतर, हा क्रमही पाळावा, कारण फाइल कोणत्या पद्धतीने उघडायची हे टर्मिनलवरून ठरते. फाइलीचे नाव एकेरी अवतरणात लिहावे. विंडोजवर दुहेरी अवतरणात उलटी तिरकी रेघ आली, की पुढच्या अक्षरासह तिचा वेगळाच अर्थ लावला जातो आणि चूक शोधण्यात तास जातो.

वेलांटीचा दोष आपला नाही. ‘मि’ लिहिताना संगणक आधी ‘म’ आणि मग वेलांटी साठवतो. ती अक्षराच्या डावीकडे नेऊन बसवण्याचे काम जुने पीएनजी टर्मिनल बहुतेक ठिकाणी करत नाही. त्याऐवजी ‘पीएनजीकैरो’ निवडावे, ‘फाँट’पुढे नोटो सान्स देवनागरीसारख्या टंकाचे नाव द्यावे आणि ‘साइज १२००,८००’ असे माप सांगावे. न सांगितल्यास चित्र ६४० बाय ४८० बिंदूंचेच निघते. छपाईसाठी ‘पीडीएफकैरो’ अधिक बरे, कारण मोठे केले तरी त्यातील रेषा फाटत नाहीत.

‘सेव्ह’ नावाची आज्ञाही ग्नूप्लॉटमध्ये आहे, पण ती चित्र साठवत नाही; आपण केलेल्या मांडणीच्या आज्ञा साठवते, ज्या पुढे ‘लोड’ने परत आणता येतात. आपल्यासारख्या दरवर्षीच्या कामाला मात्र सर्व आज्ञा एका साध्या मजकूर फाइलीत लिहून ‘ग्नूप्लॉट’ या शब्दापुढे त्या फाइलीचे नाव देणे सर्वांत सोयीचे. तेथे काम संपताच आउटपुट आपोआप बंद होते. पुढच्या पावसाळ्यात नोंदींच्या फाइलीबरोबर चित्राचेही नाव बदलण्यास विसरू नये, कारण ग्नूप्लॉट न विचारता जुन्या चित्रावर नवे चित्र लिहितो.