विकसनशील देशांत बऱ्याच गोष्टी स्वस्त का असतात? आणि पीपीपीचा (क्रयशक्ती समानतेचा, म्हणजे दोन देशांतल्या किमतींच्या तुलनेतून निघणारा) दर बाजारातल्या विनिमय दरापेक्षा वेगळा का येतो?

कारण विनिमय दरावर मुख्यतः सीमा ओलांडणाऱ्या गोष्टींचा प्रभाव असतो: तेल, यंत्रं, भांडवल. केस कापणं काही जहाजात भरून पाठवता येत नाही.

न्हाव्याचंच बघा. श्रीमंत देशातला न्हावी दसपट वेगाने कात्री चालवत नाही. डोकं एकच, वेळही साधारण तेवढाच. पण तिथल्या कारखान्यात एक कामगार यंत्रांच्या जोरावर कितीतरी जास्त माल काढतो, म्हणून एकूणच मजुरी चढलेली असते. न्हाव्याला त्या मानाने मिळालं नाही, तर तो कात्री ठेवून कारखान्यात जाईल. म्हणून तिथे केस कापणं महाग आणि गरीब देशात स्वस्त. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे हेच मांडलं.

पीपीपी म्हणजे वस्तू-सेवांची तीच टोपली दोन देशांत घ्यायला किती-किती चलन लागतं, त्याचं गुणोत्तर. जागतिक बँक त्यासाठी देशोदेशीच्या किमती गोळा करून त्यांची तुलना करते.

एक गोष्ट मात्र मला फार खटकते. पीपीपीने जीडीपी मोठा दिसला की देशाची ताकदही तेवढीच वाढली, असं सर्रास मानलं जातं. राहणीमान तोलायला पीपीपीच योग्य. पण परदेशी कर्जाचा हप्ता बाजारातल्या दरानेच फेडावा लागतो. आणि गरीब घराला आयात केलेलं औषध लागतं, तेव्हा देशातली स्वस्ताई त्याच्या कामी येत नाही.