कार्ड नंतर, आधी एसएमपीएसचं लेबल

ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप स्वस्तात मिळू लागल्यापासून त्यांत ग्राफिक्स कार्ड बसवण्याविषयी पत्रं वाढली आहेत. त्यांतली सहा या वेळी घेतली आहेत. बहुतेकांचा धागा एसएमपीएसशी, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याशी येऊन थांबतो.

प्रश्न : डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० मिनी टॉवर सेकंड हॅण्ड घेतला. आय-७ ४७९० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, २९० वॉटचा एसएमपीएस. त्यात आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड लावायचं आहे. लॅमिंग्टन रोडला एक दुकानदार ९०० रुपयांत ‘४५० वॉट’चा एसएमपीएस देतोय. घेऊ का? (वाचक, परळ)

नका घेऊ. डब्यावरचा ४५० विसरा आणि लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. असल्या स्वस्त डब्यांवर तिथे १६ अँपिअर वगैरे सापडतं, म्हणजे १२ गुणिले १६, फक्त १९२ वॉट. बाकीची बेरीज ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत जमवलेली असते. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसेल, म्हणजे ५४० वॉट. तुम्हाला असाच लागेल. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटचं संरक्षण आहे का, वॉरंटी किती वर्षांची आहे, हे वेगळं विचारा.

आता हिशेब. कार्डाचे ११५ वॉट, प्रोसेसरचे ८४, मदरबोर्ड, डिस्क, पंखे मिळून ५० धरले तर झाले २५०. मग २९० वॉटमध्ये भागतंय की, असं कुणालाही वाटेल. पण जुन्या एसएमपीएसला कार्डाची आठ पिनी वायरच नसते. मग लोक सॅटा (हार्ड डिस्कच्या) वायरवरून आठ पिनी करणारा अडॅप्टर आणतात. सॅटाच्या कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. एकूण साडेचार अँपिअर, ५४ वॉट. आठ पिनी सॉकेटमधून कार्ड १५० वॉटपर्यंत मागू शकतं. प्लास्टिक वितळतं ते इथेच. शिवाय कार्डाची ओढ काही मिलिसेकंदांपुरती ११५ च्या बरीच वर उसळते, आणि काठावरचा एसएमपीएस नेमका तेव्हा बंद पडतो.

दुसरी अडचण पिनांची. या मॉडेलच्या मदरबोर्डला नेहमीचा २४ पिनी कनेक्टर बसत नाही, त्याचा सॉकेट डेलचा खास ८ पिनी आहे. २४ ते ८ पिनी अडॅप्टर मिळतो, तो ‘डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०’ असं मॉडेल सांगूनच घ्या. एचपीची रचना वेगळी, लेनोवोच्या काही थिंकसेंटरना १० किंवा १४ पिनी. एकाचा अडॅप्टर दुसऱ्याला चालत नाही. आणि आठ पिना दिसल्या म्हणून एसएमपीएसची प्रोसेसरची किंवा कार्डाची आठ पिनी वायर मदरबोर्डच्या त्या सॉकेटात कोंबू नका. या तिन्हींत व्होल्टेजच्या जागा वेगवेगळ्या आहेत. वायर जोर लावल्याशिवाय जात नसेल तर ती चुकीचीच आहे असं समजा.

खरेदीआधी टेप घ्या. एटीएक्स एसएमपीएस १५० मिमी रुंद, ८६ मिमी उंच आणि साधारण १४० मिमी लांब असतो. मॉड्युलर (वायरी सुट्या काढता-लावता येणारा) असेल तर वायरी वळायला मागे आणखी दोन-तीन बोटं जागा हवी. कार्डासाठी मागच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून एक सेंटिमीटर वजा करा. छोट्या टॉवरला दोन पंख्यांचं आखूड कार्ड पुरे, तीन पंख्यांच्या फंदात पडू नका.

काम दोन टप्प्यांत करा. हे महत्त्वाचं, कारण एसएमपीएस आणि कार्ड एकदम बदललं की बिघाड कशात आहे ते कळत नाही. पीसी बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा. कॅबिनेट आडवं ठेवा, वायरींचे फोटो काढा. ८ पिनी आणि प्रोसेसरची ४ पिनी वायर खटका दाबून सोडवा, मागचे चार स्क्रू काढा. नव्या एसएमपीएसची प्रोसेसरची वायर ४+४ असेल. तिचा एकच अर्धा भाग बसेल, दुसरा मोकळा राहू द्या. मॉनिटर जुन्याच पोर्टला ठेवून पीसी सुरू करा, तासभर वापरा. सगळं ठीक चाललं तरच पुन्हा प्लग काढून कार्ड बसवा. स्लॉटच्या टोकाची कडी ‘टक’ वाजली पाहिजे, पट्टीचा स्क्रू घट्ट हवा, ६+२ वायरीचे दोन्ही तुकडे एकत्र धरून खटका बसेपर्यंत दाबा. जुन्या एसएमपीएसची मॉड्युलर वायर नव्याला लावायचा मोह टाळा. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक बदलते आणि हार्ड डिस्क क्षणात जळते.

एक सल्ला न विचारता. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीच्या इंटेलला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. तेव्हा पैसे एसएमपीएस आणि कार्डावर घाला, ते पुढच्या पीसीत जातील. या मदरबोर्डसाठी आणखी रॅम वगैरे घेऊ नका.

प्रश्न : माझं कॅबिनेट स्लिम आहे, एसएमपीएस १८० वॉटचा, तो बदलता येत नाही असं सांगतात. फोटो आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग करते. कुठलं कार्ड? (वाचक, कांदिवली)

स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, त्यामुळे वेगळी वायर न लागणारं लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्डच हवं. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल ७० वॉटचं आहे. ८ जीबीचं ३०५० मात्र १३० वॉटचं, त्याला वायर लागते. नाव सारखंच असल्याने दुकानात घोळ होतो. खोक्यावर ‘६ जीबी, ९६ बिट’ वाचून घ्या. कार्ड लो-प्रोफाइल आहे का आणि सोबत आखूड पट्टी मिळते का, हेही विचारा.

आरएक्स ६४०० फक्त ५३ वॉटचं आहे, पण तुमच्या कामाचं नाही. त्यात व्हिडिओ एन्कोडरच (एडिट केलेल्या व्हिडिओची फाइल झटपट बनवणारा भाग) नाही, आणि ते मदरबोर्डशी बोलायला चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरत असल्याने जुन्या पीसीआय-ई ३.० मदरबोर्डवर आणखी मंदावतं.

कार्ड दोन स्लॉटांची जागा घेत असेल तर शेजारी काय आहे ते बघा. बऱ्याच स्लिम कॅबिनेटांत मोठा स्लॉट नेमका एसएमपीएसला खेटून असतो आणि जाड कार्ड बसतच नाही. काही ऑफिसी मॉडेलांत कंपनीने स्लॉटची मर्यादा ७५ हूनही कमी ठेवलेली असते, ती मॅन्युअलमध्ये असते. नुसत्या फोटोंसाठी म्हणाल तर आधी रॅम १६ जीबी करा आणि एसएसडी टाका, फरक तिथे जास्त दिसेल.

प्रश्न : कार्ड बसवलं, पंखे फिरतात, पण मॉनिटरवर काळोख. जुना मॉनिटर, जुना पीसी, कार्ड नवं कोरं. दुकानदार म्हणतो कार्ड ठीक आहे. (वाचक, भांडुप)

दुकानदार बहुधा खरं बोलतोय. सगळ्यात आधी मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या एचडीएमआयला आहे की कार्डाच्या, ते पाहा. हसू नका, निम्म्या वेळा हेच असतं. कार्ड लागल्यावर बरेच पीसी मदरबोर्डचं पोर्ट आपोआप बंद करतात.

ते बरोबर असेल तर कार्ड काढून पुन्हा दाबून बसवा. ते बसवताना रॅमला धक्का लागला असेल तर रॅमही काढून घाला. आठ पिनी वायर अर्धवट गेली असेल तर काही कार्डांवर दिवा लागतो.

यानंतर संशय बायोसवर, म्हणजे पीसी सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमवर. नवी कार्डं यूईएफआय, म्हणजे पीसी सुरू करण्याची नवी पद्धत, धरून बनतात. पीसी ‘लेगसी’ (जुन्या) मोडवर असेल तर पडदा काळाच राहू शकतो. कार्ड काढा, जुन्या पोर्टवर पीसी सुरू करून कंपनीच्या साइटवरून शेवटचं बायोस टाका आणि मग बूट मोड यूईएफआय करा. पण थांबा. विंडोज लेगसी मोडमध्ये टाकलेलं असेल तर नुसता मोड बदलल्यावर ते सुरूच होणार नाही. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि विंडोज १० मधल्या एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने डिस्कची रचना बदलून घ्या.

बरेच जण सेटिंग पुसायला मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी काढतात. त्याआधी बायोसमध्ये सॅटाचा मोड ‘एएचसीआय’ आहे की ‘रेड’, ते लिहून ठेवा. काही ब्रँडेड पीसी बॅटरी काढल्यावर तो परत ‘रेड’वर नेतात, मग विंडोज निळा पडदा दाखवतं आणि दोष बिचाऱ्या कार्डावर जातो.

पडदा आला, पण सुरुवातीला पंख्याची तक्रार करून एफ १ दाबायला लावतो, असं झालं तर पंख्याची वायर सुटली आहे किंवा कंपनीचा पाच पिनी पंखा काढून साधा लावला आहे. मूळचा परत जोडा.

प्रश्न : नवा एसएमपीएस लावल्यापासून कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएस खराब का? (वाचक, गिरगाव)

एसएमपीएस नव्हे, तुमच्या घरातली अर्थिंग तपासा. प्रत्येक एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून धातूच्या डब्याकडे जाणारे दोन बारीक कपॅसिटर असतात. विजेतला गोंगाट ते जमिनीत सोडतात. अर्थ जोडलेला नसेल तर गोंगाटाला वाट मिळत नाही आणि कॅबिनेट २३० च्या निम्म्यावर, साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून मुंग्याच येतात. जुन्या चाळींत आणि इमारतींत बोर्डाला तीन भोकं असतात, पण मागे वायरी दोनच, हे सर्रास दिसतं.

इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या. फेज ते अर्थ २३० च्या आसपास हवं, न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच. फेज-अर्थ शून्य किंवा डळमळीत आलं तर अर्थ नाही. मग मीटरपासून अर्थची वायर ओढून घ्यावी लागेल. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून नळाच्या किंवा गॅसच्या पाइपाला अर्थ जोडू नका. तोवर दोन पिनी एक्स्टेन्शन काढून टाका, आणि जमलंच तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) बसवून घ्या. मुंग्या न येता सणसणीत झटका बसला तर मात्र लगेच मेन स्विच बंद करा, तो कपॅसिटरचा प्रकार नाही.

प्रश्न : ६०० व्हीएचा यूपीएस गेम सुरू झाला की बीप करतो. (वाचक, मुलुंड)

त्या ६०० व्हीएचे खरे वॉट साधारण ३६० असतात, बॅटरी जुनी झाली की त्याहून कमी. पीसी २५०, मॉनिटर ३०, आणि त्याच बोर्डावर राउटर, स्पीकर. स्पीकर तरी काढा. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० ठेवली तर कार्डाची ओढ बरीच उतरते. तरीही वाजला तर १००० व्हीए घ्या आणि तो ॲक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारी रचना) असलेल्या एसएमपीएसला चालतो का ते लिखित मागा. काही स्वस्त यूपीएस चौकोनी लहर देतात. लाइट गेल्यावर ॲक्टिव्ह पीएफसीवाला एसएमपीएस त्या लहरीवर तिथल्या तिथे बंद पडू शकतो.

प्रश्न : ‘१०५० टीआय’ सेकंड हॅण्ड स्वस्तात मिळतंय. कार्डाला व्हीजीए पोर्टही आहे, माझा मॉनिटर जुनाच असल्याने बरंच झालं. घेऊ? (वाचक, बोरिवली)

ते पोर्टच घोटाळ्याची खूण आहे. १०५० टीआयच्या चिपमधून ॲनालॉग सिग्नल निघत नाही. व्हीजीए पोर्ट दिसलं की जुन्या, हलक्या चिपचं बायोस बदलून तिला १०५० टीआय म्हणवलं आहे, असा संशय घ्या. दुकानातच जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम चालवा. नाव फसवं असेल तर ते बहुधा ‘फेक’ असं स्पष्ट लिहितं. खरं निघालं तरी ते २०१६ चं आहे आणि एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नव्या गेमांचे ड्रायव्हर थांबवले आहेत. त्याच पैशांत थोडी भर घालून जीटीएक्स १६५० बघा. तेही ७५ वॉटचं आणि बऱ्याच मॉडेलांना वायर लागत नाही. कुठलंही जुनं कार्ड दुकानात वीस मिनिटं लोडवर चालवून, पंखे आणि तापमान बघूनच पैसे द्या. पट्टीवर हिरवट गंज दिसला तर परत ठेवा. समुद्राची दमट हवा त्या कार्डाने बरीच खाल्लेली आहे.