शाळेतले स्काऊटचे बॅज रोव्हरच्या गणवेशावर लावावेत का? आणि बॅज-स्कार्फ काढून नुसता गणवेश घातला तर चालतो का?

रोव्हर म्हणजे कॉलेजच्या वयाचा स्काऊट, आणि रोव्हर म्हटल्यावर मला 'तुम्ही' म्हणवत नाही, तेव्हा तू म्हणतो. तू २० वर्षांचा, शाळेत असताना राज्य पुरस्कार मिळवलेला, आता कॉलेजच्या क्रूमध्ये, म्हणजे रोव्हरांच्या पथकात. जुने बॅज नव्या शर्टावर लावायचे का, हा तुझा पहिला प्रश्न. दुसरा असा की, पुढच्या महिन्यात कुणा पाहुण्यांच्या स्वागताला 'बॅज-स्कार्फ काढून या, नुसता गणवेश चालेल' असा निरोप आलाय, तो बरोबर आहे का.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो: नाही. सोपानं म्हणजे स्काऊटच्या पायऱ्या, शाळेतले प्रावीण्य बॅज, पेट्रोल लीडरच्या (तुकडीप्रमुखाच्या) पट्ट्या, हे सगळं स्काऊट विभागाचं. क्रूमध्ये आलास की प्रवेश, प्रवीण, निपुण या रोव्हरच्या पायऱ्या, मग रोव्हरचा राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती, सगळं पुन्हा पहिल्यापासून. डाव्या खिशावर सदस्यत्वाचा बॅज, उजव्या खिशावर जांभळा जागतिक बॅज, आणि रोव्हर म्हणून जे मिळवलंस ते. बारीकसारीक मापं एपीआरओच्या, म्हणजे भारत स्काऊट्स अँड गाईड्सच्या नियमपुस्तकाच्या, दुसऱ्या भागात आहेत, लीडरकडून ते पुस्तक मागून घे. त्यांच्याकडे नसेल तर तेही तुला काहीतरी सांगून जातं.

जांबोरीचे, म्हणजे स्काऊटांच्या मोठ्या मेळाव्याचे, बॅज लावणाऱ्यांविषयी मात्र बोलायलाच हवं. २०२३च्या जानेवारीत राजस्थानात पालीजवळ रोहटला राष्ट्रीय जांबोरी झाली. त्यानंतर आमच्या भागातल्या शिबिरांत रोहटचे बॅज लावलेली इतकी पोरं दिसायला लागली, की अख्खा जिल्हाच तिकडे जाऊन आला असावा. विचारलं की कळतं, 'दादा, अदलाबदलीत मिळाला.' अदलाबदल जरूर करा, ती मजा आहेच. पण तो बॅज वहीत ठेवा, कॅम्पफायरच्या ब्लँकेटवर शिवा. आपली छाती म्हणजे गणपतीची आरास नव्हे. हेच गिलवेल वॉगल (स्कार्फ अडकवायचं कडं) आणि मण्यांचं. ते मणी हिमालय वूड बॅज हा लीडरांचा प्रशिक्षण कोर्स पूर्ण केलेल्यांचे. दोन मणी म्हणजे तो कोर्स पूर्ण, तीन म्हणजे सहायक प्रशिक्षक, चार म्हणजे प्रशिक्षक. ऑनलाइन मिळतात म्हणून गळ्यात घालायचे नसतात. आणि एनसीसीचा हॅकल, म्हणजे पिसांचा तुरा, आपल्या बेरेटला खोचणाऱ्यांना तर काय म्हणावं. रेल्वेच्या स्काऊट-गाईड कोट्यासाठी हा सगळा खटाटोप असेल तर तिथे प्रमाणपत्रं तपासतात, शर्ट नाही.

आता दुसरा प्रश्न. हा निरोप मी ऐकलेला आहे, जवळजवळ याच शब्दांत.

२०१४च्या निवडणुकांच्या आधीचा हिवाळा. सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी रोव्हर होतो. कॉलेजच्या मैदानावर एक मेळावा ठरला. पत्रिकेवर 'विद्यार्थी मेळावा' असं छापलं होतं, मांडवाला पक्षाचे झेंडे होते आणि आमचे संस्थाचालक व्यासपीठावर पाहुण्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसणार होते. त्या वर्षी एनसीसीवाल्यांचा कॅम्प होता, मग नजर आमच्याकडे वळली. रोव्हरांनी फाटकापासून स्टेजपर्यंत दोन रांगा करायच्या आणि रेंजरनी, म्हणजे गाईडमधल्या कॉलेजच्या मुलींनी, औक्षणाची ताटं धरायची. गणवेशात. का, तर शिस्तबद्ध दिसतं.

आमचे रोव्हर लीडर भूगोलाचे सर. त्यांना हे पटलेलं नव्हतं, चेहऱ्यावरच दिसत होतं. संघटना अराजकीय आहे, हे तिच्या पहिल्याच व्याख्येत लिहिलेलं आहे आणि दीक्षाविधीच्या आधी सरांनीच ते आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. म्हणून त्यांनी तोड काढली. क्रूच्या खोलीत आम्हाला बोलावलं आणि म्हणाले, 'हे बघा, स्कार्फ नाही, वॉगल नाही, बेरेट नाही, खिशावरचे दोन्ही बॅज उसवून टाका. मग तो गणवेश राहतच नाही. राखाडी शर्ट आणि निळी पँट, बस. कुणाच्या बापाला हरकत घेता येणार नाही.'

आमच्या रेंजर टीमची लीडर, आम्हाला दोन वर्षं सीनियर, तिने विचारलं, 'सर, नुसतं कापडच आहे तर आम्ही घरचे कपडे घालून आलो तर चालेल?'

सर गप्प. मग म्हणाले, 'स्काऊटचा सहावा नियम काय?'

'शिस्त,' ती म्हणाली. 'आणि सातवा धैर्य.'

त्यावर सर काही बोलले नाहीत. टेबलाच्या खणातून अर्धं ब्लेड काढलं आणि आमच्यासमोर स्वतःच्या शर्टाचा बॅज उसवायला बसले. बघत राहण्यासारखं होतं ते. सरांचा शर्ट बरीच वर्षं वापरातला, धुऊन धुऊन उडालेला. उजव्या खिशावरचा जांभळा बॅज निघाला आणि त्याच्याखाली गोल ठिपका राहिला, दुकानातून आणल्या दिवशी शर्टाचा होता तसला गडद राखाडी. कडेने टाक्यांची बारीक भोकं. डाव्या खिशावर तसंच. सरांनी नखाने भोकं घासून बघितली, बुजेनात. दुरूनसुद्धा कळत होतं की इथे काय होतं.

मेळाव्याला क्रूतले निम्मे रांगेत उभे राहिले. रेंजर लीडर, मी आणि आणखी काही जण साध्या कपड्यांत गेलो, पार्किंग सांभाळलं, पाण्याचे जार उचलले. काम करायला आमची ना नव्हतीच. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो आला. खाली ओळ होती: 'स्काऊटच्या विद्यार्थ्यांनी मान्यवरांना मानवंदना दिली.' आता बोला. बॅज उसवले, स्कार्फ काढले, बेरेट खोलीत ठेवल्या, आणि गावाने ओळखायचं ते ओळखलंच. ओळखणारच. हीच पोरं हाच शर्ट घालून १५ ऑगस्टला संचलन करतात, यात्रेत हरवलेली मुलं सांभाळतात. गाव खिसा बघत नाही.

पुढे काय झालं तेही सांगतो, म्हणजे तुला अंदाज येईल. माझ्या निपुणच्या लॉगबुकवर सही व्हायची होती, ती उन्हाळ्यापर्यंत लांबली. दर वेळी 'बघू'. रेंजर लीडरचं तर कॉलेज संपत आलं होतं, तिने नादच सोडला. आजही आमच्या जुन्या क्रूच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय निघाला की सर एकच लिहितात, 'नियम मोडला नव्हता. बॅज कुठे होते?' आणि खाली नमस्काराची इमोजी.

तर सर, आणि तूही ऐक. बॅज काढल्याने नियम पाळला जात नाही, फक्त पकडलं जाणं टळतं. खुणा कशासाठी असतात? हा माणूस कुणाचा, त्याने कसलं वचन दिलंय, त्याच्याकडून काय अपेक्षा करायची, हे समोरच्याला कळावं म्हणून. त्या काढून कपडे तेवढे ठेवायचे म्हणजे संघटनेची अब्रू वापरायची आणि जबाबदारी तेवढी घरी ठेवायची. तुम्हाला फाटकावर नुसती वीस पोरं नको होती, स्काऊटची वीस पोरं हवी होती. नाहीतर कुठल्याही कपड्यांत चालली असती.

त्या सदस्यत्वाच्या बॅजवर काय आहे ते एकदा नीट बघ. स्काऊटचं लिलीचं फूल, गाईडचं त्रिदल, मध्ये अशोकचक्र. स्वातंत्र्याच्या वेळी या देशात स्काऊटच्या एकाहून जास्त संघटना होत्या आणि त्यांचं एकमेकींशी फारसं जमत नव्हतं. पंडित नेहरू, मौलाना आझाद, हृदयनाथ कुंझरू अशा मंडळींच्या खटपटीनंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी त्या एक झाल्या, १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईडही आल्या. तेव्हा कुठे एक बॅज झाला. शर्टाचं कापड मार्केटमध्ये मीटरवर मिळतं. आणि आम्हाला सांगतात काय, तर कापड ठेवा नि बॅज काढा.

आता तू विचारशील, की मग अर्धा गणवेश कधीच चालत नाही का? चालतो, पण उलट्या बाजूने. ऑगस्ट २०१९च्या पुरात सांगलीत आम्ही ओपन ग्रुपची, म्हणजे शाळा-कॉलेजाबाहेरच्या स्काऊट पथकाची, पोरं घेऊन मदतीला होतो. राखाडी शर्ट कुणाच्या अंगावर होता? कुणाच्याच नाही. हाफ पँट, टीशर्ट, वर रेनकोट, आणि रेनकोटवर ग्रुपचा स्कार्फ. पाण्यातून बाहेर काढलेल्या म्हाताऱ्या माणसाला गर्दीत कुणाचा हात धरायचा हे त्या स्कार्फवरून कळत होतं. तिथे येऊन कुणी मला बेरेट कुठाय विचारलं असतं तर मी त्यालाच पाण्याचा जार दिला असता उचलायला. कपडे नसले तरी खूण असावी, हे समजू शकतो. खूण काढून कपडे, हे नाही. साध्या कपड्यांत प्रवास करताना कॉलरला छोटी पिन लावतात, तीही याच हिशेबाने बरोबर आहे.

दोन-तीन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, आता सांगतो. एक, पाहुणा राजकारणी आहे म्हणजे कार्यक्रम राजकीय, असं नाही. पालकमंत्री १५ ऑगस्टला झेंडा फडकवतात तेव्हा पूर्ण गणवेशात, कडक इस्त्रीत, सगळ्या बॅजांसह जायचं आणि तीन बोटांचा कडकडीत सॅल्यूट ठोकायचा. तो शासकीय कार्यक्रम. तेच गृहस्थ संध्याकाळी पक्षाच्या मेळाव्याला आले तर तिथे गणवेश नाही, अर्धाही नाही. तुझ्या प्रश्नात पाहुणे कोण, बोलावणारे कोण हे लिहिलेलं नाहीस, त्यामुळे मी आमचं पुराण लावलं. कदाचित तुमच्याकडे एखादे निवृत्त प्राचार्य येत असतील. पण तसं असेल तर बॅज काढायला कशाला सांगितलं असतं, हाही प्रश्न आहेच.

दुसरं, लीडरवर एकदम तुटून पडू नकोस. आमचे सर तेव्हा तासिका तत्त्वावर होते, कायम व्हायची फाईल संस्थेच्या ऑफिसात पडून होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी मी साध्या कपड्यांतच गेलो असतो. पण रांगेत उभं राहिलेल्या पोरांना मी नावं ठेवत नाही. कुणाची फी माफ होती, कुणाचं हॉस्टेल संस्थेचं. रागावायचं असेल तर निरोप जिथून निघाला तिथे रागवायचं.

तिसरं, पंचविशीपर्यंतच रोव्हर राहता येतं. त्यात मध्येच कुठे सहायक लीडर म्हणून कब (लहान मुलं) किंवा स्काऊटच्या पथकावर गेलास तर त्या दिवशी त्या भूमिकेचा गणवेश घाल, क्रूमध्ये परत आलास की क्रूचा. एका गळ्यात एकच स्कार्फ. आणि तो नीट गुंडाळ. लांब बाजूकडून घट्ट गुंडाळत आणायचा आणि मागे तळहाताएवढा त्रिकोण राहू द्यायचा. हल्ली पोरं मागे अर्धी पाठ झाकेल एवढा सोडतात, ते रीलमध्ये उडताना छान दिसतं म्हणे.

तू आता इतकंच कर. लीडरला सांग की काम करायला आम्ही तयार आहोत, पूर्ण गणवेशात किंवा साध्या कपड्यांत. कुठल्या गणवेशात यायचं हे जिल्हा कार्यालयाला लेखी विचारून घ्या, आणि त्या पत्रात आयोजकांचं नाव आणि व्यासपीठावर कोण कोण आहे ते स्पष्ट लिहा. तोंडी विचारलं तर तोंडीच उत्तर येतं, 'बघा तुम्ही तुमच्या पातळीवर.' लेखी विचारलं की बहुतेक वेळा कार्यक्रमच साध्या कपड्यांवर येतो. बॅज मात्र उसवू नकोस. शर्ट जुना असेल तर ठिपका राहतो, आणि नवा असला तरी टाक्यांची भोकं राहतातच.

जिल्ह्याकडून काही लेखी आलं तर इथे टाक. मला ते आमच्या ग्रुपवर सरांना पाठवायचंय.